मदत हवी आहे: अल्टरनेटर मोठा बसवला, बॅटरी नवी घेतली, तरी चार्जिंग कमीच. जाड वायर टाकू का?

नमस्कार मंडळी,

मी पशुवैद्यक आहे. शाहूवाडी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर उपचारासाठी फिरतो. गाडी २०१३ची डिझेल जीप. मागे लसींसाठी १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला छोटा फ्रिज ठेवलाय. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहावी लागते. तापलेली लस बाटलीकडे बघून ओळखता येत नाही. टोचून मोकळं व्हायचं आणि जनावर मात्र रोगाला उघडंच राहायचं. पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प-फऱ्याच्या लसी देतो तेव्हा सकाळपासून रात्रीपर्यंत साठा गाडीतच असतो. एखाद्या घरात दुभती म्हैस एकच असते, त्यामुळे हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

त्रास असा आहे. रात्री पावसात परतताना हेडलाइट, फॉगलाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू असतं. नेमका तेव्हाच फ्रिज बंद पडतो आणि लो व्होल्टेजचा दिवा लागतो, तोही इंजिन चालू असताना. सकाळी सेल्फ जड फिरतो. अडीच वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या.

गॅरेजमध्ये सांगितलं की डायनामो (म्हणजे अल्टरनेटर, इंजिनवर फिरून वीज तयार करणारा आणि बॅटरी चार्ज करणारा) कमी पडतोय. मूळचा ७५ अँपिअरचा होता, तो काढून १२०चा बसवला. बॅटरीही ६५ एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची नवी घेतली. तीन महिने झाले, फरक जेमतेम. शेवटी मल्टिमीटर विकत आणला आणि स्वतःच मोजायला लागलो.

रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.३ व्होल्ट दाखवते. माझ्या वाचनाप्रमाणे पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवायला हवी, म्हणजे माझी जेमतेम अर्धी-पाऊण भरलेली राहते. इंजिन सुरू करून थोडी रेस दिली आणि लोड काहीच नसला, तर बॅटरीवर १४.० मिळतात. सगळा लोड टाकला की तेच १३.१ वर येतात. गाडी आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता) सोडली तर १२.५, आणि त्याच वेळी फ्रिजच्या सॉकेटवर फक्त ११.६.

आता इलेक्ट्रिशियन म्हणतो, अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल टाकू. खर्चाला माझी ना नाही, पण दोनदा चुकीच्या जागी पैसे घातलेत, म्हणून विचारतो. नुसती जाड केबल टाकून हे सुटेल का? अल्टरनेटरवर जास्त ताण येईल का? फ्यूज कुठे आणि केवढा लावायचा? आणि त्याने गाडी चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ‘बघा, गाडी बंद पडत नाही, डायनामो ठीक आहे’ असं दाखवलं, ती तपासणी बरोबर आहे का?

प्रतिसाद १

डॉक्टरसाहेब, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण नुकसान तिथे होतं. चालू गाडीचं टर्मिनल पुन्हा कुणालाही काढू देऊ नका. बॅटरी ही नुसती टाकी नाही, अल्टरनेटरचे झटके झेलणारी गादीही आहे. ती अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग), रेग्युलेटर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) काहीही जाऊ शकतं.

आता केबलचं. अल्टरनेटरमधला कटआऊट, म्हणजे रेग्युलेटर, फिरत्या रोटरच्या कॉइलमधला करंट कमीजास्त करून व्होल्टेज १४.२च्या आसपास धरून ठेवतो. पण कुठलं व्होल्टेज? बऱ्याच गाड्यांत स्वतःच्या बोल्टवरचं. बॅटरीवर किती पोचलं हे त्याला कळतच नाही. वाटेत एक व्होल्ट सांडला तरी त्याच्या हिशेबी सगळं आलबेल असतं. काही अल्टरनेटरना बॅटरीपासून वेगळी सेन्स वायर असते, ते ही तूट भरून काढतात. तुमच्या आकड्यांवरून तुमच्याकडे तसं दिसत नाही. मोठा अल्टरनेटर लावून फरक का पडला नाही, तेही यातच आलं. देणारा वाढला, वाट तीच राहिली.

आयडलची गोष्ट थोडी वेगळी. १२० अँपिअर हा आकडा वरच्या आरपीएमचा असतो. आयडलला अल्टरनेटर निम्म्याच्या आसपास देतो, काही तर त्याहून कमी. बाकीचं बॅटरीतून जातं.

केबल घेण्याआधी एक काम करा. कुणाला तरी गाडीत बसवून १५०० आरपीएमवर रेस धरायला सांगा, सगळा लोड चालू ठेवा. मीटर डीसी व्होल्टच्या छोट्या रेंजवर घ्या. आधी अल्टरनेटरचा बी प्लसचा बोल्ट (जिथून करंट बाहेर पडतो तो) ते बॅटरीचा प्लस मोजा. मग अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचा मायनस. बॅटरीच्या क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच टोक टेका, म्हणजे क्लॅम्पचा दोषही पकडला जाईल. प्रत्येक बाजूला ०.२च्या आत हवं. दुसरं माप लोक घेतच नाहीत. करंट जितका जातो तितकाच परत यावा लागतो, आणि परतीची वाट इंजिनवरून चासीकडे जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीतून असते. पावसाळी भागातल्या दहा वर्षं जुन्या गाडीत माझा पहिला संशय तिच्यावरच जातो.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. फक्त फ्यूजबद्दल: नवी केबल टाकलीच तर फ्यूज बॅटरीच्या टोकाला, जितका जवळ बसेल तितका जवळ. केबल कुठे घासून बॉडीला टेकली तर आग लावण्याइतका करंट बॅटरी देते, अल्टरनेटर नाही. १२०च्या अल्टरनेटरला २५ स्क्वेअरच्या केबलवर १५०चा फ्यूज ठीक. मूळ वायर काढू नका, नवी तिच्या जोडीला टाका. अल्टरनेटरच्या ताणाची काळजी नको. वायर जाड झाली म्हणून तो जादा करंट ढकलत नाही, जेवढा लोड ओढतो तेवढाच देतो. भुकेली बॅटरी सुरुवातीला थोडा जास्त घेईल इतकंच. केबल घेताना टोक खरवडून बघा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर सर्रास तांब्याची म्हणून विकतात, आणि तेवढ्याच जाडीत तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो. लग (वायरच्या टोकाला बसवायचं धातूचं कडं) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या, हातोडीने ठोकून नाही.

एक सूचना इतर वाचकांसाठीही. नव्या गाड्यांत बॅटरीच्या मायनसवर छोटा सेन्सर असतो. तिथे जादा अर्थिंगची वायर थेट खांबाला जोडू नये, चासीला जोडावी. नाहीतर तो करंट सेन्सरला दिसत नाही आणि गाडीचा चार्जिंगचा हिशेब चुकतो. २०१३च्या जीपला बहुधा हा प्रश्न येणार नाही, पण नजर टाका.

धागाकर्ता

मंडळी, रविवारी मापं घेतली. प्लसच्या बाजूला ०.३० व्होल्ट. मायनसच्या बाजूला ०.७५! क्लॅम्पमीटरवर करंट ६० अँपिअरच्या आसपास होता, म्हणजे त्या बाजूला ४५ वॉट नुसते उष्णतेत जात होते. पट्टीच्या चासीकडच्या बोल्टला बोट लावलं तर चटका बसला. खोलून पाहिलं तेव्हा लगच्या आत हिरवट भुकटी होती आणि विणलेल्या पट्टीचे निम्मे धागे तुटलेले. याच पट्टीवरून माझा हात तेल बदलताना कितीदा तरी गेला असेल.

नवी २५ स्क्वेअरची पट्टी लावली, चासीवरचा रंग पत्रा चकाकेपर्यंत घासला, वर ग्रीस लावलं. बॅटरीच्या मायनसपासून चासीला दुसरी वायर दिली. प्लसची मूळ केबल तशीच ठेवून फक्त तिची दोन्ही टोकं साफ केली. आता त्याच लोडला बॅटरीवर १३.९ मिळतात. प्लसला ०.१६, मायनसला ०.०६.

फ्रिजला बॅटरीपासून थेट ६ स्क्वेअरची जोडवायर ओढली, बॅटरीपाशी १५ अँपिअरचा फ्यूज. आयडलला सॉकेटवर आता १३.० मिळतात. बॅटरी चार्जरवर लावून रात्रभर पूर्ण भरून घेतलीय, कारण इतके महिने अर्धपोटी राहून प्लेटांवर सल्फेट बसलं असणार आणि सगळं परत येईल अशी आशा नाही. दोन दिवस उभी ठेवून पुन्हा मोजतो. १२.५च्या खाली आली तर उभ्या गाडीत करंट कुठे गळतोय ते शोधावं लागेल. बसवलेला अल्टरनेटर जुना दुरुस्त केलेला आहे, त्यामुळे डायोडवर संशय आहे. मायनस काढून मध्ये मीटर लावला तर किती मिलीअँपिअरपर्यंत चालतं, फ्रिज बंद असताना?

प्रतिसाद १

५०च्या आत असावा. पण गाडी लॉक करून अर्धा तास थांबा आणि मग वाचा. आणि मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारू नका.