शाळा व्यवस्थापन समितीवर कोणाला घ्यायचं?

बांधावरचा_बाप: परवा आमच्या झेडपी शाळेत पालकसभा आहे, समितीची दोन वर्षं संपली, आता नवीन निवडायची. गावातले एक पुढारी अध्यक्षपदासाठी फिल्डिंग लावून बसलेत, पोरगं मात्र तालुक्याला इंग्लिश मिडीयमला. 😀 आणि शाळेतली निम्मी पोरं ऊसतोडवाल्यांची, आईबाप दिवाळीच्या सुमारास कारखान्याला गेले की थेट उन्हाळ्यातच परत. मुख्याध्यापक म्हणतात गावात राहणारी, शिकलेली माणसं द्या. मग ह्या पोरांकडून बोलणार कोण?

खडू_फळा: अध्यक्ष पालकांमधूनच होतो. पुढाऱ्याचं पोरगं शाळेतच नाही म्हणजे विषय संपला. 12 ते 16 सदस्य, 75 टक्के पालक, निम्म्या महिला, मुख्याध्यापक सचिव. वंचित आणि दुर्बल घटकातल्या मुलांचे पालक पटाच्या प्रमाणात घ्यावे लागतात, ऊसतोडवाले बहुतेक त्यातच मोडतात, त्यांना वगळून यादी करता येत नाही.

कोयत्याची_लेक: आज्यांना घ्या ना. मी सहावीपर्यंत आजीजवळच राहिले, आईवडील फडात. आरटीईमध्ये, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, मूल ज्याच्या ताब्यात आणि सांभाळात आहे तोही पालक धरलाय. आजीचा अंगठा असेना का, कोणाचं पोर कधी गेलं, कोणाचं मागे राहिलं, सगळं तिला तोंडपाठ असतं. आणि शाळा विकास आराखडा ह्याच समितीने करायचा असतो, तीन वर्षांचा, त्यात दरवर्षी वर्गवार पट किती राहील हे लिहावं लागतं आणि त्यावरून शिक्षक किती लागतील ते. हंगामी वसतिगृहाची, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेले की मागे राहणाऱ्या पोरांच्या सोयीची, मागणी करायची तर कोणती पोरं मागे राहणार ती यादी गाड्या निघायच्या आधी पाहिजे, नंतर काय उपयोग.

रानातून_थेट: पटतंय, पण बैठक सकाळी 11 ला ठेवली तर खुरपणीचा रोज बुडवून कोण येणार. आमच्याकडे तर रजिस्टरच घरोघर फिरतं, बायका सह्या करतात, ठराव काय होता ते विचारायचं नाही.

बांधावरचा_बाप: काल तीन आज्यांशी बोललो, दोघी लगेच तयार. तिसरी म्हणाली येते, पण मीटिंग भाकरी थापायच्या आत संपली पाहिजे. संध्याकाळी 5 ची वेळ मागतोय, मुख्याध्यापकांनी अजून हो म्हटलेलं नाही.