बेदाण्याच्या शेडवरून पुढे कुठे? ३४ व्या वर्षी कोणते प्रशिक्षण घ्यावे?

द्राक्षवेल:
मी तासगाव तालुक्यातील एका गावात राहते. वय ३४, शिक्षण कला शाखेतून बारावी. तीन वर्षांपूर्वी यजमान वारले. मुलगी चौथीत आहे, मुलगा पहिलीत आणि घरी सासूबाई आहेत. फेब्रुवारी ते एप्रिल बेदाण्याच्या शेडवर निवडणीचे काम मिळते, त्यानंतर भांगलणीचा रोजगार. परंतु ज्या वर्षी अवकाळी पाऊस द्राक्षे झोडपतो, त्या वर्षी शेडवर आम्हां बायकांनाही काम उरत नाही. म्हणून महिन्याच्या ठरावीक तारखेला पगार हातात येईल असे काही शिकावे, असे मनाने घेतले आहे. तीन वाटा दिसतात : शिवणकाम, शासनमान्य एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका अभ्यासक्रम) आणि शहरातील एका संस्थेचा सहा महिन्यांचा ‘नर्सिंग’ अभ्यासक्रम, ज्याची फी ४० हजार रुपये सांगितली आहे. तिसरी वाट लवकर संपते, म्हणून तिकडे ओढा आहे. शिकण्याच्या काळात घर कसे चालवावे, हाही प्रश्न आहेच. अनुभवी मंडळींनी सल्ला द्यावा.

रातपाळी, मिरज:
ताई, त्या ४० हजारांचा पहिला हप्ता भरण्यापूर्वी संस्थेला एकच प्रश्न विचारा : हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे माझी नोंदणी होईल का? उत्तर स्पष्ट ‘होय’ असे आले नाही, किंवा ते लेखी देण्यास टाळाटाळ झाली, तर तेथून उठून या. मी स्वतः या फसगतीतून गेले आहे. नवऱ्यापासून वेगळी होऊन मुलाला घेऊन माहेरी आले, तेव्हा घाईघाईने अशाच एका संस्थेत पैसे भरले. पांढरा कोट मिळाला, चौकटीत लावण्याजोगे प्रमाणपत्रही मिळाले. पण मुलाखतीत मेट्रनबाईंनी नोंदणी क्रमांक विचारला आणि माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते. पुढे दीड वर्ष मी आयाचे काम केले. (त्या कामात कमीपणा मुळीच नाही, पण त्यासाठी कर्ज काढण्याची गरज नव्हती.) जनरल ड्युटी असिस्टंट नावाचा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम खराखुरा आहे, मात्र तो रुग्णाची शुश्रूषा, स्वच्छता, उचलणे-बसवणे यांपुरता असतो आणि तो करून कोणी परिचारिका होत नाही.

एएनएम दोन वर्षांचा असतो, त्यातील शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. बारावी कला शाखेची असली तरी चालते, फक्त इंग्रजी विषय असावा लागतो. प्रवेशासाठी वयाची कमाल मर्यादा ३५ वर्षे आहे, तेव्हा आपणांस विचार करण्यास फार अवधी नाही. नोंदणी झाल्यावर आरोग्य उपकेंद्रातील भरती आणि मिरज-सांगलीतील खासगी रुग्णालये या दोन्ही वाटा खुल्या होतात. मिरजेत दवाखान्यांची वाण नाही. कर्नाटकातूनही रुग्ण येथे येतात आणि शिकलेल्या हातांना मागणी असते. अडचण आहे ती रातपाळीची. त्या रात्री मुलांजवळ कोण निजणार, हे सासूबाईंशी आत्ताच मोकळेपणाने बोलून ठेवा. माझ्या आईने ते पत्करले, म्हणून मला हे जमले. नुसत्या हुशारीवर जमले नसते.

कुपवाड फाटा:
मी आयटीआयमध्ये शिकवतो. आपण आयटीआयचा उल्लेख केला नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. तेथे वयाची कमाल अट नाही आणि महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. ‘कोपा’ हा संगणकाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, त्यास दहावी पुरते. नंतर अप्रेंटिस म्हणून कारखान्यात किंवा कार्यालयात विद्यावेतनावर काम करता येते. तथापि केवळ संगणक येतो एवढ्यावर नोकरी मिळण्याचे दिवस राहिले नाहीत; मराठी-इंग्रजी टंकलेखन आणि हिशेबाचे काम जोडीला हवे, हे मी माझ्या विद्यार्थिनींनाही सांगतो.

फॉल-पिको:
शिवणकामाविषयी माझा अनुभव लिहिते. मी आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, एक महिना शिकले. अशी संस्था प्रत्येक जिल्ह्यात बँकेमार्फत चालते. प्रशिक्षण, राहणे आणि जेवण मोफत असते. तेथे केवळ कापड बेतणे शिकवत नाहीत, तर दर कसा लावावा, उधारी कशी रोखावी आणि बँकेत कर्जाचा अर्ज कसा द्यावा, हेही शिकवतात. माझ्या मते खरा उपयोग त्याचाच झाला. मात्र आपल्याला ठरावीक तारखेला पगार हवा आहे, आणि तो शिवणकाम देत नाही. जूनमध्ये शाळेचे गणवेश आणि लग्नसराईत ब्लाऊज असतात, तेव्हा मान वर करायला सवड नसते. मग आषाढात मशीनवर धूळ बसते.

घर चालवण्याबाबत दोन गोष्टी आजच करा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा महिलेस दरमहा १५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कचेरीत द्यावा लागतो आणि उत्पन्नाची अट वार्षिक २१ हजारांची, म्हणजे फार कडक आहे. दुसरी बालसंगोपन योजना, जिच्यात एक पालक हयात नसलेल्या मुलास दरमहा २२५० रुपये मिळू शकतात. त्यासाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जावे लागते. यजमानांच्या मृत्यूचा दाखला, मुलांचे शाळेचे दाखले आणि उत्पन्नाचा दाखला यांच्या चार-चार प्रती जवळ ठेवा. मंजुरीस वेळ लागतो, त्यामुळे पहिल्या दिवसापासून या पैशांवर विसंबू नका.

द्राक्षवेल:
सर्वांचे मनापासून आभार. काल त्या संस्थेत फोन करून नोंदणीबद्दल विचारले. ‘आमचे प्रमाणपत्र सगळीकडे चालते’ एवढेच उत्तर तीनदा मिळाले, तेव्हा तो विषय मी सोडला. सासूबाईंशीही बोलले. रातपाळीला त्यांची ना नाही. नातवाला त्यांच्याशिवाय झोप येत नाही, असे त्याच उलट म्हणाल्या. ३५ वे वर्ष मला येत्या फेब्रुवारीत पूर्ण होते, म्हणजे एएनएमसाठी हेच एक वर्ष हाती आहे. अर्ज सुटेपर्यंत शेडवरची शेवटची निवडणी संपेल. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव आणि आधार कार्डावर सासरचे नाव आहे. त्यासाठी राजपत्र लागेल की विवाह नोंदणीचा दाखला पुरेल, हे कोणास नक्की ठाऊक असल्यास कळवावे, कारण सोमवारी तहसील कचेरीत जाणारच आहे.