स्टॉलवरची चित्रं, स्टॉलवरची पुस्तकं : विकणाऱ्यांचे अनुभव

दिवाळीच्या आधीपासून फेब्रुवारीपर्यंत प्रदर्शनांचा हंगाम. सभागृहातली दोन दिवसांची दिवाळी प्रदर्शनं, डिसेंबरात पुण्याची भीमथडी, मग मुंबईचा काळा घोडा. हाताने केलेली चित्रं-वस्तू आणि स्वतः छापलेली मुलांची पुस्तकं घेऊन जे स्टॉल लावतात, त्यांनी इथे लिहावं. हळव्या आठवणी नकोत. किती माल न्यायचा, काय फाटतं, काय भिजतं, पैसा कुठे गळतो, एवढंच.

पोस्टकार्डं आणि एक पुस्तक

स्टॉलचं भाडं 6,000 सांगितलं म्हणजे 6,000 नसतं. 18 टक्के जीएसटी धरला की 7,080. टेम्पो, जेवण, जादा टेबल यांचे 1,500 मिळवा, झाले 8,580. पुस्तक 85 रुपयांत छापून 200 ला विकलं तर प्रतीमागे 115 उरतात. म्हणजे 75 प्रती जाईपर्यंत नुसता खर्च निघतो. दोन दिवस, रोज आठ तास धरले तर तासाला जवळजवळ पाच प्रती. एकच पुस्तक घेऊन बसलेल्याला हे अवघड आहे, हे आधी मान्य करावं.

आणि 20 टक्के सूट दिली की काय होतं तेही करून बघा. 160 ला विकलं की उरतात 75. आता 115 प्रती विकायला लागतात. सूट 40 रुपयांची, काम चाळीस प्रतींनी वाढलं!

यातून सुटका लहान वस्तूंनी होते. पुस्तकातलंच चित्र पोस्टकार्डावर, खुणपट्टीवर, ए5 प्रिंटवर घ्यायचं. आठ रुपयांचं पोस्टकार्ड 40 ला जातं, चारांचा संच 150 ला. भवानी बहुतेक वेळा याच मालाने होते. स्टॉल दोघांत वाटून घेणार असाल तर आयोजकांना आधी लेखी विचारा. काही ठिकाणी चालत नाही, आणि ते मांडामांड झाल्यावर कळतं.

चित्रपुस्तकं, 4 ते 8 वयोगट

छपाईचं लिहितो, कारण स्टॉलवरच्या निम्म्या तक्रारी छपाईच्या असतात.

मधोमध पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत हवीत: 24, 28, 32. 130 जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये) आर्ट पेपरवर 32 पानांपर्यंत पिन नीट बसते. त्यापुढे मधली पानं बाहेर डोकावतात आणि कापताना चित्राची कड जाते. पाठीला गोंद लावून बांधलेलं पुस्तक दिसतं भारदस्त, पण पूर्ण उघडत नाही. दोन पानांवर पसरलेल्या चित्रातला हत्ती मध्ये गिळला जातो. मुखपृष्ठ 300 जीएसएम, मॅट लॅमिनेशन. ग्लॉसी घेतलं तर मांडवातल्या दिव्याखाली चित्राऐवजी दिवाच दिसतो.

कागदाला धार असते, म्हणजे तंतूंची दिशा. ती पाठीला समांतर हवी. आडवी गेली की घडीवर मुखपृष्ठ तडकतं आणि पुस्तक मिटून राहत नाही. छापखान्यात हे आपणहून कोणी विचारत नाही, तुम्ही विचारा.

मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. छपाईचे चारही रंग मिसळून काळा केला तर प्लेट केसभर सरकली तरी अक्षराला गुलाबी-निळी कड दिसते, आणि देवनागरीच्या बारीक उकारांत ती जास्तच दिसते. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा आणि केशरी छापल्यावर मलूल होतो, त्यामुळे एक तरी रंगीत प्रूफ, म्हणजे चाचणीची छापील प्रत, कागदावर पाहिल्याशिवाय होकार देऊ नका.

फॉन्टचं: पानं मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर हा पर्याय निवडला नाही तर पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर बसते आणि जोडाक्षरं फुटतात. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘पुढाऱ्यां’ हे शब्द मुद्दाम तपासा. ल आणि श मराठी वळणाचे आहेत का तेही बघा. हिंदी वळणाचा ल आजी-आजोबा लगेच पकडतात, आणि विकत घेणारे तेच असतात.

पहिल्या वेळी डिजिटलवर 100 प्रती काढा. महाग पडतात, पण चुका 100 प्रतींतच संपतात. ऑफसेटला प्लेटचा आणि मशीन लावण्याचा खर्च ठरलेला असल्याने साधारण 500 च्या पुढेच दर उतरतो. त्या 500 प्रती पलंगाखाली किती वर्षं राहतील हा हिशेब वेगळा.

वरच्याला पुरवणी

21 × 21 सेंमी, 32 पानं, वरच्याच कागदात: एक प्रत साधारण 120 ग्रॅम. शंभर प्रती म्हणजे 12 किलो. एका खोक्यात शंभरच भरा. दोनशेचं खोकं उचललं की तळ सुटतो. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला 23 किलोच्या बॅगेतून नेणार असाल तर बॅगेचं वजन वजा जाता दीडशे प्रती, त्याहून जास्त नाहीत.

कापडावर वारली आणि इतर रंगकाम

कोऱ्या कापडाची खळ धुऊन काढली नाही तर रंग खळीवर बसतो, कापडावर नाही, आणि पहिल्या धुण्यात पापुद्रे निघतात. कापड धुवा, वाळवा, इस्त्री करा, मग रंगवा. ॲक्रिलिकमध्ये फॅब्रिक मीडियम (रंग कापडावर टिकवणारं द्रावण) मिसळा. 24 तास वाळू द्या, उलट बाजूने वाफेशिवाय तीन ते पाच मिनिटं इस्त्री फिरवा आणि निदान तीन दिवस पाणी लावू नका. हे सगळं छोट्या चिठ्ठीवर छापून प्रत्येक पिशवीत टाका. तोंडी सांगितलेलं गिऱ्हाईक गेटपर्यंत विसरतं.

वारली ही डहाणू-तलासरी-जव्हार भागातल्या आदिवासींची कला आहे. छापील डिझाइनला ‘हाताने केलेली वारली’ म्हणून विकू नका, आणि काढणारा वारली समाजातला नसेल तर ‘वारली शैलीत’ लिहा. जाणकार गिऱ्हाईक विचारतंच. शेजारच्या स्टॉलवर स्क्रीन प्रिंटची पिशवी 120 ला आणि तुमची 450 ला असेल तर एक अर्धवट रंगवलेला तुकडा आणि ब्रश टेबलावर ठेवा. फरक समजावत बसावं लागत नाही.

बाहुल्या, लाकडी खेळणी

ही गोष्ट फार जणांना माहीत नसते. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून कारागीर ओळखपत्र काढून घ्या आणि त्याची प्रत स्टॉलवर ठेवा. पुस्तकाबरोबर गोष्टीतलं पात्र म्हणून कापडी बाहुली देत असाल तर तीही खेळणंच.

बाहुलीला बटणाचे डोळे लावू नका. भरतकाम करा, लहान मूल बटण तोडून तोंडात घालतं.

प्रिंट विकणारी

ए4 आणि ए5 सोडून दुसरा आकार काढू नका. ए4 ची तयार चौकट कुठेही मिळते. 22 × 27 सेंमीला फ्रेमवाला गाठावा लागतो, आणि तेवढ्या विचाराने हात मागे जातो. रंगद्रव्याची (पिगमेंट) शाई वापरा, साध्या इंकजेटच्या शाईचं चित्र उन्हाच्या भिंतीवर विटतं. प्लास्टिकची पाकिटं घेताना डिंकाची पट्टी झडपेवर नाही, पाकिटाच्या अंगावर असलेली घ्या. झडपेवरचा डिंक प्रिंट बाहेर काढताना तिला चिकटतो आणि शाई उचलून नेतो. बरंचसं नुकसान इथेच होतं.

कोकण-गोव्याकडे स्टॉल असेल तर रात्री माल मांडवात ठेवू नका. सकाळी कागदाला बाक आलेला असतो आणि पुस्तकाच्या पिनांना काही महिन्यांत गंज धरतो. हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या. ताडपत्री ऑक्टोबरातही न्यायची.

मांडणी

आयोजकांचं टेबल साधारण सहा फूट बाय अडीच, उंची अडीच फूट. पाच वर्षांच्या मुलाचे डोळे तीन-साडेतीन फुटांवर. टेबलावर पुस्तकं आडवी पसरली तर त्याला फक्त कडा दिसतात. पुढच्या कडेला, पायांपाशी एक फळी किंवा पालथं खोकं ठेवून त्यावर पुस्तकं उभी करा. मोठ्यांसाठी मागची जाळी: प्रिंट, किमती, पिशव्या. जाळीला एस-हूक आणि प्लास्टिकचे टाय लागतात. सुतळी, कात्री, पाच अँपियरची एक्स्टेंशन आणि दोन पिवळसर एलईडी घरून न्या. पांढऱ्या दिव्यात जलरंग मेल्यासारखे दिसतात.

नमुना प्रती दोन, ‘वाचून बघा’ असं मुखपृष्ठावरच लिहिलेल्या. भेळेच्या तेलकट हातांसाठी त्या बळी द्यायच्याच असतात. खाण्याच्या रांगेशेजारी गर्दी असते खरी, पण ती थांबते भेळेसाठी. प्रवेशाजवळही नको, लोक ‘सगळं बघून येतो’ म्हणतात. पहिल्या गल्लीचा शेवट बरा.

पूर्ण पुस्तक वाचून दाखवू नये. सहा-सात पानं, गोष्ट अडते तिथे थांबायचं.

याच्याशी सहमत नाही

तीन-चार वर्षांच्या मुलांना पूर्ण वाचून दाखवा. त्यांना तेच पुस्तक पुन्हा हवं असतं, शेवट कळला म्हणून मागणी कमी होत नाही. थांबायची युक्ती सहा वर्षांच्या पुढे लागू.

पैसे आणि कागदपत्रं

क्यूआर दोन ठेवा, दोन वेगळ्या बँकांचे, आणि फोनमध्ये दोन कंपन्यांची सिमं. संध्याकाळी सहानंतर मैदानात नेटवर्क बसतं. ‘गेले’ म्हणून दाखवलेला स्क्रीनशॉट धरू नका, आपल्याकडे आवाज किंवा संदेश आल्यावरच वस्तू द्या. सुट्टे म्हणून दहाच्या वीस, पन्नासच्या वीस नोटा सकाळीच गल्ल्यात हव्यात.

घासाघीस होणारच. किंमत पाडण्यापेक्षा जोडी करा: पुस्तक 200, पोस्टकार्डांचा संच 150, दोन्ही 300. गिऱ्हाइकाला 50 वाचले, तुमचा लहान मालही गेला.

छापील पुस्तकांवर आणि मुलांच्या चित्रपुस्तकांवर जीएसटी शून्य आहे. हस्तकलेच्या वस्तूंवर तो शून्य नाही, म्हणून बिलात त्या वेगळ्या ओळीत लिहा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून लेखकाला स्वतःच्या नावावर फुकट मिळतो; एजंटला पैसे देऊ नका. स्टॉलवर तो कोणी विचारत नाही, दुकानं आणि ग्रंथालयं विचारतात. 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत पाठवायची असते. स्वतः छापलं तरी प्रकाशक तुम्हीच, त्या चार प्रती खर्चात धरा.

एक राहिलं

रोज रात्री मोजणी. नेल्या, विकल्या, खराब झाल्या, उरल्या, असे चार रकाने. गल्ला आणि रकाने जुळले नाहीत तर बहुतेक वेळा नमुना प्रत कोणीतरी विकलेली असते.