'स्टार ट्रेक'च्या पुढच्या कथेत कोण परत यायला हवं?

दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' या अंतराळमालिकेतले कॅप्टन कर्क आणि त्याचा साथीदार स्पॉक बघून वेडे झालेले, पुढे नंतरच्या मालिकेतल्या कॅप्टन पिकार्डच्या प्रेमात पडलेले, आता ओटीटीवर सगळं सलग बघणारे, सगळ्यांनी लिहा. २०२३ साली 'पिकार्ड' मालिकेच्या तिसऱ्या सीझनमध्ये त्याचे जुने साथीदार रायकर, वॉर्फ, इंजिनिअर जॉर्डी, यंत्रमानव डेटा पुन्हा पोकरच्या टेबलाभोवती जमले. पुढे कोण यावं? नुसतं नाव नको, त्या पात्राशी तुमचं काय नातं आहे तेही सांगा.

सुरुवात मी करते. मला 'डीप स्पेस नाइन' या 'स्टार ट्रेक' मालिकेचा नायक सिस्को हवा. १९९९ मध्ये ही मालिका संपली तेव्हा तो बायकोला 'परत येईन' असा शब्द देऊन गेला. आधी हा शब्द नव्हताच. कृष्णवर्णीय बाप गरोदर बायकोला सोडून जाताना दिसणं सिस्कोची भूमिका करणाऱ्या एव्हरी ब्रूक्स यांना खटकलं, म्हणून प्रसंग बदलला. माझे बाबा बोटीवर होते, महिनोन्महिने घरी नसायचे. शेवटी सिस्कोचा मुलगा जेक खिडकीतून बाहेर बघत उभा राहतो, तो प्रसंग लागला की मला अजूनही रडू येतं. कर्कला, पिकार्डला मनासारखे निरोप मिळाले. सिस्को घरी आलेला मला बघायचाय.

नाशिकहून
कुणीही आणा, पण डेटा आता पुरे. २००२ च्या 'नेमेसिस' चित्रपटात त्याने पिकार्डसाठी जीव दिला. २०२० मध्ये 'पिकार्ड'च्या पहिल्या सीझनमध्ये त्याची जाणीव टिकून असल्याचं कळलं, तेव्हा त्याने स्वतःहून मरण मागितलं, कारण अंत असला तरच आयुष्याला अर्थ येतो असं त्याला वाटत होतं. आई गेल्यानंतर तो भाग पाहिला आणि मला खरंच धीर आला. तीन वर्षांत डेटा पुन्हा हजर! ब्रेंट स्पायनर यांचं काम आवडतं, तरी तो निरोप पुसला गेल्याचं दुःख आहेच.

न्यू जर्सीहून
मग स्पॉकचं काय? १९८२ मध्ये मेला, १९८४ मध्ये परत आला. पण त्यासाठी कर्कचा मुलगा गेला, एंटरप्राइज हे त्याचं जहाज गेलं. अशी किंमत मोजायची तयारी असेल तर डेटालाही आणा. फुकटात कुणी जिवंत झालेलं मलाही चालत नाही.

चिंचवडहून
मी आयुष्यभर कारखान्यात मेंटेनन्सला होतो, त्यामुळे माझा माणूस कर्कच्या जहाजाचा इंजिनिअर स्कॉटी. १९९२ च्या 'रेलिक्स' भागात तो ७५ वर्षांनी ट्रान्सपोर्टरमधून, म्हणजे माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्रातून, बाहेर येतो. इंजिन रूममध्ये त्याची लुडबुड होते, जॉर्डी त्याच्यावर वैतागतो, आणि शेवटी दोघं मिळूनच जहाज वाचवतात. निवृत्तीनंतर मी एकदा जुन्या शॉपमध्ये गेलो, तेव्हा पोरं आदराने बोलली, पण मशीनला हात लावू देईनात. तेव्हा हा भाग फार आठवला. स्कॉटी साकारणारे जेम्स डूहान २००५ मध्ये गेले. संगणकाने त्यांचा चेहरा बनवून आणू नये, ही हात जोडून विनंती. त्यापेक्षा जॉर्डीला आणा. नव्या इंजिनिअरांनी त्याला बाजूला बसवावं आणि मग अडलं की त्यालाच बोलवावं. लेव्हार बर्टन हे सुंदर करतील.

पणजीहून
पिकार्डच्या जहाजावरची अधिकारी रो लॅरेन १९९४ नंतर थेट २०२३ मध्ये दिसली आणि त्याच भागात मेली. एवढी वाट पाहून एकच भाग! म्हणून आता 'डीप स्पेस नाइन'मधली किरा नेरिस. स्वातंत्र्यासाठी हातात बंदूक घेतलेली बाई नंतर कारभार कसा शिकते, हे मालिकेने सात वर्षं दाखवलं. २०२२ मध्ये अ‍ॅनिमेशनमध्ये तिचा आवाज ऐकला. आता नाना व्हिजिटर प्रत्यक्ष हव्यात, आणि पूर्ण सीझनभर.