कोरी पानं काढली आणि अख्ख्या प्रबंधाचे पृष्ठक्रमांक बिघडले. वर्ड नीट येणाऱ्यांनी कृपया मदत करा

अंतिम_मसुदा

नमस्कार. माझा प्रबंध २१४ पानांचा आहे. वर्डमध्ये, सगळा मजकूर युनिकोड मराठीत. जमा करायला आठ दिवस उरलेत आणि आज सकाळपासून काम ठप्प आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सुरुवातीच्या बारा पानांना (मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका) रोमन आकडे होते आणि पहिल्या प्रकरणापासून १, २, ३. काल शेवटचा हात फिरवताना दोन कोरी पानं दिसली. एक अनुक्रमणिकेनंतर, दुसरं चौथ्या प्रकरणातल्या आडव्या तक्त्यानंतर. दोन्हीकडे कर्सर ठेवून डिलीट दाबत गेले. पहिलं पान गेलं, पण प्रकरणाचं शीर्षक अनुक्रमणिकेला येऊन खेटलं. मग एंटर मारून मारून ते पुढच्या पानावर ढकललं, फाइल सेव्ह केली आणि झोपले.

सकाळी पाहते तर रोमन आकडे गायब. मुखपृष्ठावर १ आणि पहिलं प्रकरण १३ वर. आडवा तक्ता उभ्या पानावर आलाय आणि त्याचे शेवटचे तीन रकाने कागदाच्या बाहेर गेलेत. फाइल बंद केल्यामुळे कंट्रोल-झेडही चालत नाही.

आणखी तीन तक्रारी आहेत, त्यांचा याच्याशी संबंध आहे की नाही ते कळत नाही. दोन छायाचित्रांची फक्त एक बारीक पट्टी दिसते, बाकीचं चित्र जणू ओळीखाली गेलंय. ‘मूर्तींच्या’ या शब्दावरचा रफार आणि अनुस्वार वरून छाटल्यासारखा दिसतो. आणि हीच फाइल माझ्या मार्गदर्शकांच्या संगणकावर २२१ पानांची होते.

टकटक

कंट्रोल-ए करून सगळं निवडा, मग कंट्रोल आणि स्पेसबार. सगळं फॉरमॅटिंग निघून जातं. कोऱ्या पाटीवर पुन्हा सुरू करा, तेच बरं.

जुळारी

टकटक, रागावू नका, पण हे करायला सांगू नका. कंट्रोल-स्पेसने हाताने दिलेली सगळी अक्षरसजावट जाते. प्रबंधात ग्रंथांची नावं तिरप्या अक्षरात असतात, ती सगळी सरळ होतील. २१४ पानांत ती पुन्हा शोधायची म्हणजे आठ दिवस त्यातच जातील. शिवाय पृष्ठक्रमांकाचा बिघाड अक्षरांत नाहीच, त्यामुळे तो जागच्या जागीच राहील.

मसुदाताई, मी बरीच वर्षं पुस्तकांची आणि प्रबंधांची जुळणी करतो. तुमचा मजकूर शाबूत आहे, तेव्हा आधी धीर धरा. फाइलची नव्या नावाने एक प्रत करा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा.

आता होम टॅबवरचं ¶ हे चिन्ह दाबा, किंवा कंट्रोल-शिफ्ट-८. पानभर ठिपके आणि चिन्हं उमटतील. पहिल्यांदा डोळ्यांना त्रास होतो, पण ती बंद करू नका. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी ¶ असतं आणि त्या परिच्छेदाचं ओळींमधलं अंतर, समास, डावं-उजवं हे सगळं त्या चिन्हातच साठवलेलं असतं. तसंच एका विभागाचा कागद आडवा की उभा, आकडे रोमन की साधे, हे त्या विभागाच्या शेवटी असलेल्या सेक्शन ब्रेकमध्ये असतं. शेवटी, हे नीट लक्षात घ्या. सुरुवातीला नाही. तो ब्रेक पुसला की वरचा विभाग खालच्यात विरघळतो आणि खालच्याचे नियम घेतो.

तुमच्याकडे हेच झालं. कोऱ्या दिसणाऱ्या पानावर दुहेरी ठिपक्यांची एक रेघ होती, मधोमध ‘सेक्शन ब्रेक’ लिहिलेली. चिन्हं बंद असल्यामुळे ती दिसली नाही आणि डिलीटने गेली. बारा पानांनी पहिल्या प्रकरणाचे नियम घेतले, म्हणून मुखपृष्ठावर १. तक्त्याखालची रेघ गेली, म्हणून तक्त्याने पुढच्या उभ्या पानाचे नियम घेतले.

दुरुस्तीला सुरुवात पहिल्या प्रकरणापासून करा. शीर्षकाच्या वर तुम्ही मारलेले एंटर आता ¶ च्या रांगेसारखे दिसतील. ते सगळे काढा. शीर्षकाच्या पहिल्या अक्षराआधी कर्सर ठेवा. लेआउट, ब्रेक्स, आणि तिथे सेक्शन ब्रेक्सखालचा ‘नेक्स्ट पेज’. वरच्या गटातला साधा पेज ब्रेक घेऊ नका, त्याने पान बदलतं पण विभाग होत नाही.

मग पहिल्या प्रकरणाच्या पानाच्या तळाशी, म्हणजे फूटरमध्ये, दोनदा क्लिक करा. वर ‘लिंक टू प्रीव्हियस’ दाबलेलं दिसेल, ते आधी सोडवा. पानाच्या माथ्याशी, म्हणजे हेडरमध्ये, जाऊन तेही वेगळं सोडवा. दोघांची गाठ स्वतंत्र असते आणि नव्वद टक्के लोक एकच सोडवून पुढे जातात. त्यानंतर वर मुखपृष्ठाच्या विभागात या, पेज नंबरवर जाऊन ‘फॉरमॅट पेज नंबर्स’ उघडा आणि रोमन आकडे निवडा. पहिल्या प्रकरणाला बहुधा काहीच करावं लागणार नाही, कारण १ पासून सुरू करायची सूचना त्या विभागात आधीपासून आहे. नसेल तर तिथे ‘स्टार्ट अॅट’ समोर १ टाका.

आडव्या तक्त्याच्या आधीचा ब्रेक अजून असेल, तो तसाच ठेवा. तक्त्यानंतरच्या मजकुराआधी एक ‘नेक्स्ट पेज’ घाला, तक्त्यात कर्सर ठेवा आणि ओरिएंटेशन लँडस्केप करा.

तुमचं कोरं पान तिथे परत येईल. वर्डमध्ये तक्त्याच्या खाली एक परिच्छेद असावाच लागतो, तो पुसता येत नाही. तक्ता पानाच्या तळापर्यंत भरला की त्या एका रिकाम्या परिच्छेदाला जागा उरत नाही, तो पुढच्या पानावर उतरतो आणि ब्रेकही त्याच्याबरोबर जातो. तक्त्याखालचं ते ¶ निवडा, त्याचा आकार १ पॉइंट करा, आधीचं-नंतरचं अंतर शून्य आणि ओळअंतर सिंगल. ते तक्त्याच्या बुडाशी मावेल आणि कोरं पान जाईल. मी प्रत्येक आडव्या तक्त्याखाली हे करून ठेवतो.

आता चित्रं आणि ‘मूर्तींच्या’. दोन्हींचं कारण एकच आहे. तुम्ही परिच्छेदाचं ओळअंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवलंय का? मजकूर निवडून परिच्छेदाची खिडकी उघडा आणि बघा.

अंतिम_मसुदा

पृष्ठक्रमांक जागेवर आले! फूटर सोडवला होता आणि हेडर तसाच राहिला होता, तुमचं वाक्य वाचून तोही सोडवला. तक्ता आडवा झाला. १ पॉइंटचं ¶ माऊसने पकडता येईना, म्हणून तक्त्याच्या शेवटच्या घरातून खालच्या बाणाने उतरले, तेव्हा सापडलं.

हो, ओळअंतर ‘एक्झॅक्टली १८’ आहे. मराठीत मध्येच रोमन शब्द आला की ओळी वरखाली व्हायच्या, म्हणून मीच ठेवलं होतं.

जुळारी

मग उलगडा झाला. ‘एक्झॅक्टली १८’ म्हणजे ओळीला १८ पॉइंटच उंची मिळते. ओळीत मजकुरासारखं बसवलेलं चित्रही वर्डच्या लेखी एक मोठं अक्षरच. त्याला १८ पॉइंटांची पट्टी मिळते, उरलेलं झाकलं जातं. चित्र पूर्ण आहे, पुन्हा चिकटवू नका. चित्रावर क्लिक करून कंट्रोल-१ दाबा, ओळअंतर सिंगल होईल आणि चित्र उघडेल.

देवनागरीचं दुखणं त्याहून नाजूक आहे. रोमन अक्षराला वर-खाली फारसं काही जडलेलं नसतं. आपल्या ‘र्तीं’मध्ये शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकत्र येतात. ‘उद्धृत’मध्ये तोच भार खाली. म्हणून मराठी मजकुराला ‘एक्झॅक्टली’ देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. ‘मल्टिपल’मध्ये १.१५ किंवा १.२ ठेवा, किंवा ‘अॅट लीस्ट’. आणि हे हाताने परिच्छेदागणिक न करता स्टाइलमध्ये, म्हणजे सजावटीच्या नाव दिलेल्या नियमसंचात, एकदाच करा: नॉर्मलवर उजवी क्लिक, मॉडिफाय, फॉरमॅट, पॅराग्राफ.

तिथेच फाँटची खिडकीही उघडून बघा. मराठीसाठी ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ नावाचा वेगळा कप्पा असतो, त्यात फाँट आणि आकार स्वतंत्र. वरच्या कप्प्यात काहीही निवडलं तरी ते फक्त रोमन अक्षरांना लागतं. ओळी वरखाली होण्याचं मूळ बहुतेक तिथेच आहे. दोन्ही कप्प्यांत एकमेकांना शोभणारे फाँट आणि आकार द्या.

लिब्रेवाला

लिब्रेऑफिस रायटर वापरणाऱ्यांसाठी: तिथे कंट्रोल-एफ-१० ने चिन्हं दिसतात. आडवं-उभं आणि आकड्यांची पद्धत पेज स्टाइलमध्ये असते, ब्रेकमध्ये नाही. मॅन्युअल ब्रेक घालताना पुढची पेज स्टाइल निवडायची आणि तिथेच पृष्ठक्रमांक १ करायचा.

मसुदाताई, २२१ पानांचं कारण माझ्या मते फाँट. तुमच्याकडे असलेला फाँट मार्गदर्शकांच्या संगणकावर नसेल तर वर्ड गुपचूप दुसरा लावतो, त्याची रुंदी-उंची निराळी आणि पानं सरकतात. मजकूर कोणत्या फाँटमध्ये आहे?

अंतिम_मसुदा

मंगल.

लिब्रेवाला

तेच असावं. विंडोज १० पासून मंगल वैकल्पिक फाँटांमध्ये गेलाय, प्रत्येक संगणकावर तो असतोच असं नाही. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे ‘एम्बेड फाँट्स इन द फाइल’वर खूण करा, म्हणजे फाँट फाइलबरोबर जाईल. वाचायलाच द्यायचं असेल तर सरळ पीडीएफ पाठवा.

आणि एक. छायाचित्रांच्या मूळ प्रती हाताशी नसतील तर फाइलच्या प्रतीच्या नावाशेवटचं ‘.docx’ बदलून ‘.zip’ करा आणि ती उघडा. २००७ पासून वर्डची फाइल म्हणजे झिपच असते. आत ‘वर्ड’ आणि त्यात ‘मीडिया’ नावाच्या फोल्डरमध्ये सगळी चित्रं मिळतील.

अंतिम_मसुदा

चित्रं उघडली. फाँट एम्बेड करून पाठवला, सरांकडेही आता २१४ पानंच दिसतात. दोघांचे मनापासून आभार.

एकच उरलंय. अनुक्रमणिका अद्ययावत केली तर तिसऱ्या प्रकरणातल्या एका उपशीर्षकाबरोबर खालचा अख्खा परिच्छेद तिच्यात येतो. हाताने पुसला तरी पुढच्या वेळी परत येतो.

जुळारी

तिथे जाऊन शीर्षकाच्या शेवटी कोणतं चिन्ह आहे ते बघा. ¶ नसून वळलेला बाण असेल. तुम्ही एंटरऐवजी शिफ्ट-एंटर मारलाय. ओळ बदलली, परिच्छेद बदलला नाही, म्हणून वर्डला शीर्षक आणि खालचा मजकूर एकच वाटतो. खालची अक्षरं तुम्ही नंतर हाताने लहान केली असतील, पण स्टाइल शीर्षकाचीच राहिली. बाण पुसून साधा एंटर मारा, खालच्या परिच्छेदाला नॉर्मल स्टाइल द्या. मग अनुक्रमणिकेत क्लिक करून एफ-९, आणि विचारलं तर फक्त पृष्ठक्रमांक नाही, ‘एंटायर टेबल’ निवडा.

अंतिम_मसुदा

वळलेला बाणच होता. आणखी दोन ठिकाणीही सापडला, तेही बदलले. अनुक्रमणिका आता स्वच्छ आहे. उद्या छापायला देते.