कैदी पळून जातील?

‘खुला तुरुंग हे परदेशी खूळ, आपल्याकडे कैदी पहिल्याच रात्री पसार होतील’ हे मत अजिबात पटलं नाही. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर हा असाच भिंती-गजांशिवायचा खुला तुरुंग, आणि तो १९३९ पासून आहे. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या कल्पनेवरून तो उभा केला. कैदी तिथे शेती करतात आणि मुख्य म्हणजे बायकामुलांसोबत राहतात. ज्याची चूल तिथेच पेटते तो पळून जाणार कुठे?

माझं आजोळ त्याच भागातलं. लहानपणी मामांच्या सायकलवरून तिथून जाताना शेतात एक माणूस ज्वारीला पाणी देत होता, बांधावर त्याची बायको फडक्यातली भाकरी सोडत होती. ‘मामा, कैदी कुठायत?’ विचारलं, तर त्यांनी त्या माणसाकडेच बोट दाखवलं.

अर्थात तिथे थेट कोणाला पाठवत नाहीत. आधी बंद तुरुंगात शिक्षेचा काही काळ काढावा लागतो, वर्तन चांगलं लागतं. मला खुपतं ते हेच. पहिल्यांदाच चुकलेल्या तरुण पोरांना ही वाट सुरुवातीलाच का मिळू नये?