जेवून तासाभरात मुलांना परत भूक लागते. कमी खर्चात रात्रीचं जेवण पोटभर कसं करावं?

पाचजणांचं_घर

नमस्कार. आम्ही घरात पाच जण. मी, नवरा, १४ वर्षांचा मुलगा, १० वर्षांची मुलगी आणि सासूबाई. नवऱ्याच्या कामाचे तास कमी झाल्यापासून किराणा भरताना हात आखडता घ्यावा लागतोय. मांस बंद केलं, बाहेरचं खाणं तर बंदच आहे. त्याचं काही वाटत नाही. पण रात्री आठला आम्ही जेवतो आणि साडेनऊला मुलगा परत स्वयंपाकघरात डबे उघडून बघत असतो. बिस्किटं, ब्रेड, हाताला लागेल ते. वाढतं वय आहे, त्याला "आता पुरे" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सध्याचा बेत असा: दीड वाटी तांदळाचा भात, अर्ध्या वाटीची डाळ आणि एक भाजी. वाटी मोठी आहे, तिच्यात २०० ग्रॅम तांदूळ मावतात. मी कामावरून सातला घरी येते, म्हणजे हाताशी तासच असतो. दोन बर्नरची शेगडी, कुकर आणि लहानसा फ्रीज आहे. मुलांना कडधान्यं द्यायला बघितलं तर पोट फुगतं म्हणतात. सासूबाईंचे दात गेलेत, त्यांना मऊच लागतं. पाच वेगळे पदार्थ करणं मला जमणार नाही. कुणी असं घर चालवलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

मोठं_पातेलं

ताई, मी एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करते. तिथे रात्री वाढत्या वयाची मुलंच जेवायला असतात आणि पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच ठरलेले असतात. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच आहे.

आधी तुमचंच माप मांडून बघू. दीड वाटी म्हणजे ३०० ग्रॅम तांदूळ, पाच जणांत माणशी ६०. अर्धी वाटी डाळ म्हणजे १०० ग्रॅम, माणशी २०. कोरडे तांदूळ काय आणि कोरडी डाळ काय, १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी. म्हणजे मुलाच्या ताटात या दोन्हींतून २८० कॅलरी पडतात. भाजी आणि तेल धरलं तरी ४०० च्या आसपास. १४ वर्षांच्या मुलाला दिवसभरात २००० पेक्षा बरंच जास्त लागतं. साडेनऊची त्याची भूक खरी आहे हो. ती सवय नाही की चाळा नाही. त्याला तुम्ही "पुरे" म्हणत नाही तेच बरोबर आहे.

आणि त्या वेळी तो जे खातो त्याचे पैसे तुम्ही भरताच आहात. फक्त ते जेवणात न जाता बिस्किटांच्या पुड्यांत जातात.

मी पहिल्यांदा डाळ वाढवीन. भाताआधी डाळ. मसूर, चवळी, वाटाणे, चणे, राजमा, जे तुमच्याकडे त्या आठवड्यात स्वस्त असेल ते, पण माणशी ५० ग्रॅम कोरडं, मुलाला त्याहून थोडं जास्तच. पाच जणांना पाव किलो. यातून प्रत्येकाला १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, म्हणजे दोन अंड्यांइतकी. शिवाय कडधान्यात तंतू भरपूर असतात, म्हणून ते पोटात टिकतं. भात आणि डाळ एकत्र खाण्यालाही कारण आहे. प्रथिनं ज्या घटकांची बनतात त्यांतले दोन म्हणजे लायसिन आणि मेथिओनिन. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, डाळीत ते भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळात सापडतं. एकाची उणीव दुसरं भरून काढतं आणि मांस नसल्याची चिंता बरीच कमी होते.

दुसरं म्हणजे बटाटा. बटाट्याने नुसतं वजन वाढतं असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही. सिडनीत १९९५ साली एक अभ्यास झाला होता. निरनिराळे पदार्थ सारख्याच कॅलरीचे खायला देऊन पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतं ते बघितलं. त्यात उकडलेला बटाटा सगळ्यांत वर होता, पांढऱ्या ब्रेडच्या तिप्पट. तळलेला नाही, उकडलेला. रश्श्यात दोन-तीन मोठे बटाटे फोडी करून टाकले की पातेलं भरतं आणि पोटंही भरतात.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते सांगते. पातळ डाळ हीच तुमच्या ताटातली अडचण आहे. मुलं वरचं पाणी भातावर घेतात आणि दाणे भांड्याच्या तळाशी राहतात. चवळी किंवा राजमा शिजला की मी एक डाव भरून दाणे बाजूला काढते, डावाच्या पाठीने भांड्याच्या कडेला दाबून त्यांचा लगदा करते आणि परत रश्श्यात ढवळते. पाच मिनिटं मंद आचेवर ठेवलं की रस्सा बघता बघता दाटतो, डाव उचलला तर त्याच्या पाठीवर थर राहतो. पीठ नको, साय नको, पैसा एक जास्तीचा नको. दाट रस्सा भाताला धरून राहतो, मग जो घास पोटात जातो त्यात डाळ असतेच.

तेलातही काटकसर नको. थोड्याशा तेलातून बरीच ताकद मिळते, एका मोठ्या चमच्याला १२० कॅलरी. दोन कांदे बारीक चिरून पुरेशा तेलात तपकिरी होईपर्यंत परता. मांस नसलं की जेवणात जो खमंगपणा कमी पडतो तो इथून येतो. पांढरट, घाईत परतलेल्या कांद्याने ते होत नाही, १२-१५ मिनिटं द्यावीच लागतात. मुलासाठी म्हणून मूठभर भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट रश्श्यात घाला. त्यात प्रथिनं आहेत आणि कॅलरी भरपूर.

रविवारचा_स्वयंपाकी

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. वेळेबद्दल मी थोडं लिहितो, कारण आमच्याकडेही दोघं नोकरीला आणि रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे.

कडधान्य रोज शिजवत बसू नका. आठवड्याचं एकदम शिजवा. कोरडं अर्धा किलो शिजून सव्वा किलोच्या आसपास होतं. निथळून, एका जेवणापुरतं एकेका पिशवीत चपटं पसरून बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं. चपटं ठेवलं तर लहान फ्रीजमध्येही मावतं आणि कढईत टाकल्यावर लगेच सुटं होतं. सातला घरी आलात तरी पावणेआठला रस्सा तयार. ज्या दिवशी काहीच काढून ठेवलेलं नसेल त्या दिवशी मसूर डाळ. ती भिजवावी लागत नाही, उघड्या पातेल्यातसुद्धा वीसेक मिनिटांत शिजते.

दाणे शिजत नाहीत अशी तक्रार असते त्याची दोन कारणं. एक म्हणजे माल जुना असतो. दुसरं म्हणजे टोमॅटो किंवा आंबट काही आधीच पडलेलं असतं. आंबटाने साल घट्ट राहते, म्हणून दाणा बोटाने चुरडला जाईपर्यंत आंबट घालू नका. मिठाचं मात्र उलट आहे. भिजवतानाच लिटरभर पाण्यात एक-दोन चमचे मीठ घाला, साल मऊ होते. सकाळी कामाला जाताना भिजत टाकलं की संध्याकाळी तयार.

दोन गोष्टी कळकळीने सांगतो, त्या हलक्यात घेऊ नका.

राजमा किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका आणि नव्या पाण्यात तो खळखळून उकळा. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी द्रव्य असतं. थोडे अर्धेकच्चे दाणे पोटात गेले तरी काही तासांत जोरात उलट्या होतात. १० मिनिटं चांगली उकळी आली की ते नष्ट होतं, मी अर्धा तास उकळतो. नुसत्या मंद आचेवर तासन्‌तास ठेवण्याने ते जात नाही. कुकरमध्ये पूर्ण शिजवलात तर काळजी नाही.

दुसरं म्हणजे उरलेला भात. पैसे वाचवायचे म्हणून आपण दुपारचा भात रात्री वापरतो, ते ठीकच आहे. पण तो ओट्यावर झाकून ठेवायचा नाही. भातातले काही जिवाणू बीजरूपाने शिजवण्यातूनही वाचतात, खोलीच्या उष्णतेत वाढतात आणि विष तयार करतात. ते विष परत गरम करून जात नाही. भात ताटात पसरून लवकर गार करा, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवा.

हिशेबवही

वर कुणी भाव लिहिले नाहीत ते बरं झालं, ते जागोजाग वेगळे. पण हिशोबाची रीत सगळीकडे एकच आहे, ती देते.

पाकिटाच्या मागे १०० ग्रॅमला किती प्रथिनं ते छापलेलं असतं. पाकीट ५०० ग्रॅमचं असेल तर त्या आकड्याला पाचने गुणा, आणि किमतीला त्या गुणाकाराने भागा. एक ग्रॅम प्रथिन कितीला पडलं ते कळतं. मसूर, चणे, शेंगदाणे, अंडी, दूध आणि ती बिस्किटं, सगळ्यांचं एकदा काढून कागद फ्रीजवर चिकटवा. नुसता भाव बघून अंडी महाग वाटतात, आकडा काढलात की बऱ्याचदा ती वाटतात तितकी महाग पडत नाहीत. भाव बदलले की कागद बदलायचा.

भाजीचं मात्र असं मोजू नका. भाजी प्रथिनांसाठी नसते. कोबी, गाजर, कांदे, भोपळा हे टिकतात, ते घरात हवेतच. पालेभाजी आणाल त्याच दिवशी करा. सडून टाकलेली जुडी सगळ्यांत महाग पडते.

पाचजणांचं_घर

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खूप आभार. मोठं पातेलं ताई, तुमचा २८० चा आकडा वाचून मी पोराच्या ताटाकडे बघतच राहिले. मी त्याला हावरटच समजत होते.

आज दुकानातून मसूर आणि चवळी आणली. राहिलेले दोन प्रश्न: पोट फुगण्याचं काय करायचं, आणि सासूबाईंचं काय? त्या चवळी चावू शकत नाहीत, आणि वेगळं काही केलं तर "माझ्यासाठी कशाला त्रास" म्हणून जेवतच नाहीत.

मोठं_पातेलं

पोट फुगतं ते कडधान्यातल्या काही साखरांमुळे. त्या लहान आतड्यात पचत नाहीत, पुढे मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यांवर जगतात आणि वायू होतो. भिजवलेलं पाणी फेकलं की त्यातला काही भाग निघून जातो. पण खरा उपाय म्हणजे हळूहळू वाढवणं. एकदम पाव किलोवर जाऊ नका. पहिला आठवडा फक्त सालं काढलेली मसूर डाळ, १५० ग्रॅम. ती पोटाला हलकी जाते. पुढच्या आठवड्यात एक-दोन दिवस चवळी, तीही अर्धी मसुरीत मिसळून. रोज थोडं थोडं खाल्लं की पोट सरावतं. आठवड्यातून एकदाच ताटभर खाल्लं तर दर वेळी त्रास होणारच. तोवर मुलाच्या भाताचे तांदूळ ६० वरून ९० ग्रॅमवर न्या आणि बटाटा घाला, म्हणजे या आठवड्यातही तो उपाशी झोपणार नाही.

वाढताना वरून लिंबू पिळा, नाहीतर कच्चा कोबी बारीक चिरून बाजूला द्या. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागतं, मांस बंद आहे म्हणून हे जास्त महत्त्वाचं. जेवणाबरोबर चहा मात्र कुणालाच नको, तो लोह अडवतो.

सासूबाईंसाठी वेगळं काहीच करायचं नाही. रस्सा दाट करायला तुम्ही डावभर दाणे चेपणारच आहात, त्या वेळी दोन डाव चेपा. एक परत पातेल्यात, दुसरा त्यांच्या वाटीत, वर त्याच पातेल्यातला रस्सा आणि एक मऊ बटाटा कुस्करून. भातात थोडं जास्तीचं पाणी घालून त्यांच्यापुरता मऊ करून घ्या. चेपून झाल्यावर सालं घशाशी लागतील असं वाटलं तर गाळणीवर दाबून घ्या. पदार्थ सगळ्यांचा एकच आहे हे त्यांना पातेल्यातून वाढताना दिसू द्या, मग त्या जेवतील. म्हाताऱ्या माणसांनाही प्रथिनं कमी पडू देऊ नयेत, स्नायू झिजतात, त्यामुळे त्यांच्या वाटीत दाण्यांपेक्षा पाणी जास्त होणार नाही एवढं बघा.

आठवड्याने मुलगा साडेनऊला काय करतो ते इथे कळवा. तरीही डबे उघडत असेल तर उकडलेलं अंडं किंवा शेंगदाण्याची मूठ जेवणाच्या ताटातच वाढू, आणि माप परत मांडू.